मेजावरचा लखोटा

चोराची गोष्ट सांगणारे बोलपट पुष्कळ आहेत, आणि चोरास पकडणाऱ्या शिपायाची गोष्ट सांगणारे त्याहूनहि अधिक. परंतु कुंपणच शेत खाऊं लागल्यावर धन्यानें करावें काय, हा प्रश्न सरळ हातीं घेणारे बोलपट थोडे. आणि तो हातीं घेऊन प्रेक्षकांस खोटा धीर न देणारे तर बोटांवर मोजण्याइतकेच. अशांपैकीं एका अमेरिकन बोलपटाची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव ‘द बिग हीट’. कोलंबिया कंपनीनें तो १९५३ सालीं काढला. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. ‘हीट’ म्हणजे उष्णता हें खरें. पण तिकडील गुन्हेगारांच्या बोलींत पोलिसांचा ससेमिरा पाठीस लागणें यासहि हाच शब्द योजतात. बोलपटांत दोन्ही अर्थांनीं ही उष्णता जाणवते, हें पुढें दिसेलच.

पडदा उजळतो तो एका मेजावरील पिस्तुलावर. एक हात पुढें येतो, पिस्तूल उचलतो, आवाज होतो, आणि टॉम डंकन नांवाचा पोलीस अंमलदार मेजावर कोसळतो. जवळच त्याचा बिल्ला आहे, आणि सरकारी वकिलाच्या नांवें लिहिलेला एक जाड लखोटा. आवाज ऐकून बायको जिना उतरून येते. ती किंकाळी फोडीत नाहीं, कीं नवऱ्याच्या अंगास हात लावीत नाहीं. लखोटा उघडून आंतील मजकूर वाचते, आणि टेलिफोन उचलून पोलिसांस नव्हे, तर माइक लगाना नांवाच्या बड्या असामीस उठवावयास सांगते. शहरांतील जुगाराचे अड्डे, दारूचे गुत्ते आणि पोलीसखात्याचे वरिष्ठ या सर्वांच्या दोऱ्या ज्याच्या बोटांस बांधलेल्या आहेत, तो हा लगाना. नवऱ्यानें मरतां मरतां सगळ्या लांचलुचपतीचा पाढा कागदावर वाचला होता. बायकोनें तो कागद सुरक्षित जागीं दडवून ठेविला आणि त्याच्या जोरावर लगानाकडून नियमित पैसे उकळण्यास आरंभ केला. नवऱ्याच्या पश्चात्तापाचें असें वर्षासन करून घेणारी बायको आम्हीं तरी दुसऱ्या कोणत्या बोलपटांत पाहिलेली नाहीं. हें सर्व पहिल्या कांहीं मिनिटांत आपणांस कळून चुकतें. कळत नाहीं तें फक्त चौकशीस आलेल्या सार्जंट डेव्ह बॅनियन यास.

बॅनियन (ग्लेन फोर्ड) हा सरळ माणूस. पगार बेताचा, घर लहान, बायको केटी हंसतमुख, एक लहान मुलगी. नवराबायको जेवतांना केटी त्याच्याच पेल्यांतून घोट घेते, त्याच्याच सिगारेटचा झुरका मारते, आणि दोघेंहि खर्चाच्या ओढाताणीबद्दल थट्टा करितात. आमच्याकडील वडील मंडळींस ही रीत खचित रुचणार नाहीं. पण त्या घरांत जें आहे तें सगळें वांटून घेतलेलें आहे, हें दिग्दर्शकानें एकहि शब्द न बोलतां सांगितलें, हें कौशल्य नाकबूल करतां येणार नाहीं. उलट डंकनबाईंचें घर पाहा. तेथें प्रत्येक वस्तु जागच्या जागीं आहे, बाई आरशापुढें बसून चेहरा ठीकठाक करते, आणि शोक करण्याची वेळ आली कीं शोकहि तितक्याच व्यवस्थितपणें काढून दाखविते.

तिसरें घर लगानाचें, आणि आमच्या मतें तेंच सर्वांत मार्मिक आहे. बॅनियन तेथें जातो तेव्हां फाटकावर शहराचा पोलीस पहारा देत आहे. आंत मुलीच्या मैत्रिणींचा नाच चालला आहे, भिंतीवर कैलासवासी मातोश्रींची मोठी तसबीर आहे. लगाना आईविषयीं गहिंवरून बोलतो, आणि खुनाचा विषय निघतांच आपल्या पवित्र घरांत असली घाण आणल्याबद्दल सार्जंटावरच संतापतो. कुटुंबवत्सल, मातृभक्त, मुलीच्या सुखासाठीं झटणारा, आणि शहर नासविणारा. हे चारहि गुण एकाच माणसांत सुखानें नांदतात. घरांत सज्जन असणें ही सज्जनपणाची पुरती खूण नव्हे, एवढें या एका प्रसंगांत दिसून येतें.

मग जें घडावयाचें तें घडतें. संध्याकाळीं नवराबायको सिनेमास जाण्याच्या बेतांत असतात. मुलीस सांभाळणाऱ्या पोरीला आणावयास केटी मोटार घेऊन निघते. बॅनियन वर मुलीला गोष्ट सांगत बसलेला. एकाएकीं खिडकीबाहेर डोळे दिपविणारा उजेड पडतो. मोटारींत स्फोटक पदार्थ ठेविला होता तो बॅनियनसाठीं. खात्यांत दाद लागत नाहीं असें पाहून तो पोलीस कमिशनरास तोंडावर खडे बोल सुनावतो, बिल्ला काढून देतो, पण पिस्तूल देत नाहीं. तें त्याचें स्वतःच्या पैशांचें आहे. सामानसुमान हलविल्यावर त्या रिकाम्या घरांतून तो एकदां फिरतो. ओस पडलेलें स्वयंपाकघर दाखविण्यापलीकडे दिग्दर्शकानें येथें कांहींच केलेलें नाहीं, आणि त्याची गरजहि नव्हती.

अशा गोष्टी कवींच्या कल्पनेंतच घडतात, असें कोणास वाटेल तर त्यानें त्या काळची अमेरिकन वृत्तपत्रें डोळ्यांपुढें आणावीं. १९५० सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत हॅरी ग्रोस नांवाचा सट्टेवाला पकडला गेला, आणि तो दरसाल सुमारें दहा लाख डॉलर पोलिसांस चारीत असल्याचें प्रकरण बाहेर आलें. शहराच्या पोलीस कमिशनरास राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षीं टेनेसीचे सेनेटर एस्टिस केफॉव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं सेनेटची चौकशी समिति नेमली गेली आणि तिनें चौदा शहरांत साक्षी घेतल्या. १९५१ च्या मार्चांतील न्यूयॉर्क येथील साक्षी दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेल्या, तेव्हां बायकामंडळींनीं घरकाम टाकून त्या पाहिल्या. फ्रँक कॉस्टेलो या गुन्हेगारांच्या म्होरक्यानें तोंड दाखविण्यास हरकत घेतली, म्हणून यंत्रानें त्याचे नुसते हात दाखविले. आणि ते चुळबुळणारे हातच लोकांच्या स्मरणांत राहिले. विल्यम मॅकगिव्हर्न याची मूळ कथा ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकांत क्रमशः येऊं लागली ती १९५२ सालीं, म्हणजे हें सगळें ताजें असतांनाच. पटकथा लिहिणारा सिडनी बोम हाहि पूर्वी वृत्तपत्रांचा गुन्हेविषयक बातमीदार होता. पोलीसठाण्यांतील बोलणीं इतकीं खरीं वाटतात त्याचें कारण बहुधा हेंच.

दिग्दर्शकाची हकीकतहि सांगण्याजोगी आहे. लांग हा १८९० सालीं व्हिएन्ना येथें जन्मला आणि जर्मनींत ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) व ‘एम्’ (१९३१) या कृतींनीं विख्यात झाला. सत्ता गुंडांच्या हातीं गेली म्हणजे काय होतें, हें त्यास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९३३ सालीं नाझींनीं त्याच्या एका बोलपटावर बंदी घातली आणि त्याच वर्षीं त्यानें देश सोडला. गोबेल्सनें बोलावून मोठें पद देऊं केलें आणि आपण त्याच रात्रीं पळालों, असें तो पुढें जन्मभर रंगवून सांगे. त्याच्या पारपत्रावरील शिक्के मात्र तितकी घाई झाल्याचें दाखवीत नाहींत. त्याची पत्नी व पटकथालेखिका थेआ फोन हार्बू हिच्याशीं त्याचा १९३३ सालींच घटस्फोट झाला. तिचा पुढील संसार झाला तो बेळगांवकडील पत्रकार आयी तेंडुलकर यांच्याशीं! तिच्याच कादंबरीवरून लांगनें १९५९ सालीं हिंदुस्थानांतील एका राजाची कथा दोन भागांत काढली आणि तिचा कांहीं भाग उदेपूर येथें टिपला. पण हें विषयांतर झालें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. हा बोलपट लोक सूडकथा म्हणून पाहतात, आणि बॅनियनच्या त्वेषाबरोबर त्यांचेहि हात शिवशिवतात. आम्हांस मात्र दुसराच हिशेब दिसला. या कथेंत चार बायका मरतात, आणि चौघींच्याहि मरणापर्यंत जाणारी वाट बॅनियनच्या दारावरून गेलेली आहे. ल्यूसी चॅपमन ही गुत्त्यांत बसणारी बाई डंकनविषयीं खरी माहिती त्याला विश्वासानें सांगते. तो ती माहिती घेऊन डंकनबाईंकडे विचारपूस करावयास जातो, आणि लौकरच ल्यूसीचें छळलेलें प्रेत सांपडतें. लगानाच्या घरीं जाऊन तो त्यास डिवचतो, आणि त्याचें प्रायश्चित्त केटी घेते. तिसरी डेबी, आणि तिच्या हातून चौथी.

डेबी मार्श (ग्लोरिया ग्रॅहॅम) ही लगानाचा उजवा हात व्हिन्स स्टोन याची रखेल. आरशांत पाहावें, उंची वस्त्रें ल्यावीं, पाठीवर हंसावें, असा तिचा स्वभाव. व्हिन्सला बॅनियन भर गुत्त्यांत जरबेनें हांकलून लावतो हें पाहून ती कौतुकानें त्याच्या मागोमाग जाते. तो तिला हॉटेलांतील आपल्या खोलीवर नेतो, कांहीं उपयोगाची माहिती मिळत नाहीं असें पाहून तुसडेपणानें वाटेला लावतो. पण पाहणाऱ्यांनीं पाहिलेलें असतें. शेजारच्या खोलींत खुद्द पोलीस कमिशनर पत्ते खेळत बसलेला आणि इकडे व्हिन्स शेगडीवरची उकळती कॉफी उचलून डेबीच्या तोंडावर फेंकतो. प्रत्यक्ष आघात पडद्यावर दिसत नाहीं. आपण भांड्यांतली वाफ पाहतों आणि किंकाळी ऐकतों. व्हिन्सचें काम करणारा ली मार्व्हिन यास या एका दृश्यानें जी अपकीर्ति मिळवून दिली, ती कोणाहि नटास हेवा वाटण्याजोगी आहे. पण आमच्या मनांत ठसलें तें दुसरेंच. रोज सकाळीं प्रत्येक घरांत चुलीवर चढणारें भांडें येथें शस्त्र झालें आहे. आणि तें उचलणाऱ्या माणसाला रोखणें ज्याचें काम, तो शहराचा सर्वांत मोठा पोलीस पत्ते खालीं ठेवून जखमी बाईस मुकाट्यानें डॉक्टरकडे नेतो!

अर्धा चेहरा पट्ट्यांखालीं झांकलेली डेबी बॅनियनकडे आश्रयास येते, आणि केटीच्या खुन्याचें नांव सांगते. बॅनियन त्या खुन्याचा गळा आवळतो, पण जीव घेत नाहीं. तो बोलला ही बातमी बाहेर पसरवितो, म्हणजे त्याचेच धनी उरलेलें काम करितात. यास संयम म्हणावें कीं हात न माखतां केलेला वध म्हणावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. आमचा कल दुसऱ्या बाजूस आहे. डंकनबाईचाहि गळा तो आवळूं पाहतो, पण पोलीस येतात म्हणून सोडतो. मग तो डेबीजवळ बोलून जातो, कीं ती बाई मेली तर तिनें दडविलेला मजकूर आपोआप उजेडांत येईल. डेबीजवळ तो पिस्तूलहि ठेवून जातो. त्यानें हें जाणूनबुजून केलें काय? बोलपट सांगत नाहीं. डेबी उठते, डंकनबाईच्या घरीं जाते; दोघींच्याहि अंगावर त्याच जातीच्या किंमती फरचे कोट आहेत, आणि आपण दोघी बहिणीच, असें ती म्हणते. मग गोळी सुटते. पोलीसखातें, सरकारी वकील आणि नायक या सर्वांस जें साधलें नाहीं, तें एका टाकलेल्या बाईनें केलें. पुढें व्हिन्सच्या तोंडावर तीच तशीच उकळती कॉफी फेंकते, आणि त्याच्या गोळीनें पडते.

बॅनियन व्हिन्सला पकडतो, पिस्तूल रोखतो, आणि चाप ओढीत नाहीं. येथें आम्हांस गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) आठवला. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनीं त्याची पटकथा लिहिली होती. त्यांतील अनंत वेलणकर हा मुंबईचा फौजदार रामा शेट्टीचा गळा आवळून ठार करतो आणि स्वतः ठाण्यावर हजर होतो. वेलणकराचे हात माखतात आणि तो तसें कबूल करतो. बॅनियनचे हात स्वच्छ राहतात, कारण त्याच्या वांट्याचें पातक डेबीनें आपल्या पदरीं घेतलें. वेलणकर आम्हांस अधिक प्रामाणिक वाटला, हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

एक छोटें पात्र मात्र विसरूं नये. भंगार मोटारींच्या आवारांत काम करणारी एक लंगडी, वयस्क बाई आहे. तिचा मालक भीतीनें तोंड उघडीत नाहीं. पण ती कुंपणाच्या जाळीजवळ येऊन बॅनियनला हळूच दुवा सांगते, आणि खुन्याची ओळख पटवावयास त्याचें दार ठोठावण्यासहि तयार होते. ना पिस्तूल, ना सूड. तसेंच मुलीच्या रक्षणासाठीं ठेवलेला पोलीसपहारा वरून हुकूम येऊन उठविला जातो, तेव्हां तिच्या मामाघरचे युद्धांतून परतलेले सोबती आपण होऊन जिन्यावर बसतात. पेन्शनीच्या चिंतेनें इतके दिवस दबून असलेला लेफ्टनंट विल्क्सहि शेवटीं तेथें येऊन उभा राहतो. शहर सुधारतें तें थोडें यांच्यामुळेंहि.

या बोलपटास अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत २०११ सालीं स्थान मिळालें. लहान मुलांस तो दाखवूं नये; पण घरांतील मोठ्यांनीं एकत्र बसून पाहावा, आणि सासूबाईंनीं व सुनांनीं डेबीविषयीं आपापलें मत द्यावें, असें आम्हांस वाटतें. मरतांना ती जळलेली बाजू कोटाच्या फरमध्यें लपविते आणि बॅनियनला केटीविषयीं विचारते. तिनें पूर्वींहि विचारलें होतें, तेव्हां त्यानें चारचौघांत द्यावें तसें कोरडें वर्णन दिलें होतें. आतां तो बोलूं लागतो: केटी कशी चिडे, त्याच्याच ताटांतलें कसें खाई. ऐकतां ऐकतां डेबी संपते, आणि तो बोलतच राहतो.

नंतर लगाना आणि कमिशनर यांच्यावर खटले भरल्याच्या बातम्या येतात. बॅनियन पुन्हां आपल्या जुन्या मेजाशीं बसतो. सोबती त्याचें स्वागत करितात, कोणी कॉफी पुढें करतो, तोंच टेलिफोन वाजतो. कुठेंसें माणसास उडवून मोटार पळाली आहे. तो टोपी उचलतो, आणि दाराकडे जातां जातां कॉफी गरम ठेवावयास सांगतो.