नवजात बाळाचा संसर्ग टाळता येतो

सोलापूर : गर्भवतीला कोणताही त्रास नसतानाही ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस’ हे जिवाणू तिच्या आतड्यात वा योनिमार्गात असू शकतात. प्रसूतीच्या वेळी ते बाळापर्यंत पोहोचल्यास क्वचित रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर होतो.

छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात योनी व गुदमार्गाच्या स्वॅबची तपासणी करून हे जिवाणू ओळखता येतात. भारतात ही तपासणी सरसकट होत नाही; म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. जिवाणू आढळल्यास कळा सुरू झाल्यावर, शक्यतो जन्मापूर्वी किमान ४ तास, शिरेतून पेनिसिलिन देतात. आधीच औषध घेतल्यास जिवाणू पुन्हा वाढतात. अंगात ताप असणे, पाणी जाऊन १८ तास उलटणे किंवा मुदतपूर्व कळा येणे यांमुळे धोका वाढतो.

पहिल्या आठवड्यानंतर, सुमारे ३ महिन्यांपर्यंत होणारा संसर्ग मात्र या उपायाने टळत नाही. बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग तापले वा गार पडले असेल किंवा श्वास मिनिटाला ६० हून अधिक असेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे. नवजात अर्भकांमधील जंतुसंसर्ग वेळीच ओळखण्याचे मोल गडचिरोलीने दाखवले आहे. तेथे ‘सर्च’च्या डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील आरोग्यदूतांना बाळांची घरीच तपासणी व उपचार करण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.