भाड्याची जागा आणि आडनावाची जात

खेड्यात वस्ती जातीने ठरते, शहरात ती ऐपतीने ठरते, असे आपले विद्वान सांगत आले. मुंबईच्या उपनगरात भाड्याची जागा शोधणाऱ्या दलित नोकरदाराला या सिद्धान्ताचा फोलपणा चार दिवसांत कळतो. अनामत आणि दलालीची रक्कम त्याच्या हाती असते. तरीही दलाल आधी आडनाव विचारतो. त्यावरून उलगडा झाला नाही की गाव विचारतो, मग आहार. 'फक्त शाकाहारी' ही अट दिसायला स्वयंपाकघराची, पण काम करते गावकुसाचे. शेवटी निरोप येतो, 'जागा कालच गेली.' जात हा शब्द कोणीही उच्चारलेला नसतो.

परदेशात उच्च शिक्षण घेऊन १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पारशी पथिकाश्रमातून बाहेर काढण्यात आले. तेव्हा लोक काठ्या घेऊन आले होते. आज नकार गोड बोलून दिला जातो. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांची दिल्ली परिसरातील पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. जागा मागणाऱ्यांची नावे तेवढी वेगळी होती. सवर्ण नावांच्या तुलनेत दलितांना अधिक नकार मिळाले, मुसलमानांना त्याहूनही अधिक. म्हणजे प्रश्न ऐपतीचा नव्हे.

मग कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. परंतु आडकाठी झाली, हे आधी दाखवावे लागते, आणि तोंडी नकाराचा माग उरत नाही. कायदा आहे, पण पुरावा नाही, ही आपली खरी अडचण आहे.

म्हणून नकार गिळून पुढची जागा पाहायला निघण्याआधी थांबावे. तारीख, वेळ, दलालाचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. निरोप आणि जाहिरात जपून ठेवावी. 'गेलेली' जागा वेगळ्या आडनावाच्या मित्राला दुसऱ्या दिवशी मिळते का, हे साक्षीदारासह पाहावे. विद्यार्थी संघटनांनी आणि शिक्षकांनी वस्तीवार अशा नोंदी ठेवल्या, तर एकट्याचा अपमान म्हणून विसरला जाणारा नकार गुन्हा म्हणून न्यायालयापुढे मांडता येईल.