टीबीची गोळी सुटते कुठे?

टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणारा माणूस बेफिकीर असतो, हा समज फार खोल रुजलेला आहे. सरकारी कागदांतही अशा रुग्णाला वर्षानुवर्षे ‘डिफॉल्टर’ म्हटले गेले; कर्ज बुडवणाऱ्यालाही आपण तेच म्हणतो. पण उपचार कसे चालतात ते पाहिले, तर त्यात बेफिकिरी कमी आणि साधा व्यवहारी हिशेब जास्त दिसतो. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे, पुढचे चार महिने त्यांतले पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. बहुतेकांचा ताप काही आठवड्यांतच उतरतो, भूक लागते, अंगावर थोडे मांस येते. आजार जाणवेनासा होतो आणि नेमका तेव्हा औषधाचा जाच जाणवत असतो: मळमळ, सांधेदुखी, हातापायांना मुंग्या. ज्याने त्रास होतो ते सोडावे, असे कोणालाही वाटेल. हा हिशेब चुकतो, कारण झोपी गेल्यासारखे पडून राहिलेले थोडे जंतू अजून शरीरात असतात आणि त्यांना संपवायला उरलेले महिने लागतात. २०१८ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये तीन मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण आले. दहातला एखादा डोस चुकवणाऱ्यांतही उपचार फसण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे त्यात दिसले.

मग रुग्णावर पहारा ठेवावा, हा यावरचा जुना उपाय. समोर बसवून गोळी गिळायला लावायची, म्हणजे डॉट्स. ही पद्धत म्हणजेच हमी, हा दुसरा गैरसमज. उपचारांच्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा अकरा चाचण्या तपासल्या गेल्या. समोर गोळी घेणारे आणि घरी स्वतः घेणारे यांच्या बरे होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मला हे नवलाचे वाटत नाही. गोळी गिळली की नाही, एवढेच पहारेकऱ्याला कळते. उद्या ती नकोशी का होणार आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

हे विचारायला सर्वांत सोयीच्या जागी जो माणूस असतो त्याला आपण ‘मेडिकलवाला’ म्हणून मोकळे होतो. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारा रुग्ण पुन्हा तपासणीला जाईल न जाईल, गोळ्या संपल्या की दुकानात येतोच. रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते आणि घरात रक्त जातेय म्हणून घबराट उडते. ही भीती घालवायला फार्मासिस्टला अर्धा मिनिट पुरतो. मळमळ होते म्हणून रुग्ण त्याच काउंटरवरून अ‍ॅसिडिटीचे औषध नेतो, पण अ‍ॅल्युमिनियम असलेल्या अँटासिडमुळे आयसोनियाझिड नीट शोषले जात नाही; दोन्हींत अंतर ठेवायला कोणी सांगावे? रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि मधुमेहाची काही औषधे कमी पडतात, हेही तिथेच कळायला हवे. आणि डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा रंग ओळखू येईनात, तर धीर देत बसायचे नाही; त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचे. सोसायचा त्रास कोणता आणि धावायचा कोणता, हे वेगळे करून सांगणे म्हणजेच समुपदेशन. ‘गोळ्या वेळेवर घ्या हं’ ही नुसती ताकीद झाली.

यावर पहिला आक्षेप असा, की चिठ्ठीशिवाय औषधे विकून जंतूंना औषधांपुढे निर्ढावायला लावणारे हेच दुकानदार. आक्षेप अर्धा खरा आहे. मुंबई, दिल्ली आणि पाटण्यातल्या ६२२ दुकानांत संशोधकांनी रुग्ण म्हणून तयार केलेली माणसे पाठवली होती. हा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आला. नुसती लक्षणे सांगितली तेव्हा दुकानदारांनी योग्य वागणूक दिली ती अवघ्या १३ टक्के भेटींत; बऱ्याच ठिकाणी दुसरी अँटिबायोटिक्स हातावर ठेवली गेली. मात्र टीबीची मुख्य औषधे चिठ्ठीशिवाय एकाही दुकानाने दिली नाहीत. टीबी असल्याचा तपासणी अहवाल दाखवला, तेव्हा योग्य वागण्याचे प्रमाण ६२ टक्क्यांवर गेले. म्हणजे निदान हाती असले की हा माणूस बरेचदा नीट वागतो, आणि गोळ्या चालू असलेल्या रुग्णाचे निदान झालेलेच असते.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि गर्दीचा. तो मी पूर्ण खोडू शकत नाही. भिंतीवर परवाना एकाचा आणि काउंटरवर पोरगा दुसराच, हे दृश्य काही दुर्मीळ नाही. चार गिऱ्हाइकांपुढे मोठ्याने ‘टीबी’ म्हटले, तर रुग्ण पुढच्या महिन्यात दुसरे दुकान गाठेल. बाजूला घेऊन हळू बोलण्याला जागा लागत नाही, सवय लागते. समुपदेशनाच्या उपयोगाचा पुरावा भक्कम आहे, असाही दावा नको: २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला तीनच चाचण्या सापडल्या, त्याही आजार होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांवरच्या. फायदा दिसला, पण तो किती, याची खात्री नव्हती. तरीही खर्च अर्ध्या मिनिटाचा आणि धोका निर्ढावलेल्या टीबीचा असताना आणखी पुराव्याची वाट पाहत गप्प बसणे मला पटत नाही.

रुग्णाची अशी विचारपूस करायला लागणारे साधन कायद्याने आधीच दुकानात ठेवले आहे. टीबीची औषधे २०१४ पासून औषध नियमांतल्या ‘एच-वन’ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, आहेत. रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. ही वही निरीक्षकाला दाखवण्यापुरती असते, हा शेवटचा गैरसमज. गेल्या महिन्यात आलेला कोण या महिन्यात आला नाही, हे तिच्यातच दिसते. म्हणून घरात टीबीच्या गोळ्या चालू असतील आणि त्या बाहेरून आणत असाल, तर सहाही महिने एकाच दुकानातून आणा, आणि तिथल्या फार्मासिस्टकडे आपला फोन नंबर देऊन ठेवा.