कमान पाटा, चिमटा आणि मागचा दणका



थेरगावात आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी गाडीचा विषय रोज निघतो. कोणाचे बाबा चाकणला जातात, कोणाचे टेम्पो चालवतात. जुनी मंडळी पिंपरीच्या कारखान्याला अजून टेल्कोच म्हणतात. त्यामुळे 'बल आणि स्थितिस्थापकत्व' शिकवायला छोटा हत्ती पुरतो. २००५ साली आलेल्या या गाडीच्या मागच्या चाकांवर कमान पाटेच आहेत.

प्रयोग सोपा आहे. प्लॅस्टिकची लवचिक फूटपट्टी घ्या. दोन मुलांनी तिची टोकं बोटांत हलकेच धरायची. मध्यभागी बाजूने कपड्याचा चिमटा लावा आणि तो जागेवरच पिळा. पट्टी एका अंगाला वर फुगते, दुसऱ्या अंगाला खाली दबते. इंग्रजी एस अक्षर तयार होतं! मुलं ओरडतातच.

हा चिमटा म्हणजे मागचं हाऊसिंग. चाकाला पुढे फिरवणारं बल हाऊसिंगला उलट्या दिशेला पिळतं, त्याचं नाक वर उचलतं. मग पाट्याचा पुढचा भाग वर फुगतो. चाक घसरलं की पिळलेला पाटा झटक्यात सुटतो, पकड आली की पुन्हा पिळतो. घाटात भरलेली गाडी उचलताना मागून धाडधाड ऐकू येतं, त्याचं हे एक कारण. वरचेवर असं झालं तर जॉइंटचा क्रॉस आणि पाटे दोन्ही मार खातात.

हे पिळणं रोखायला काही गाड्यांना ट्रॅक्शन बार लावतात. साध्या प्रकारात एक मजबूत दांडा यू-बोल्टने हाऊसिंगपाशी, पाट्याखाली आवळलेला असतो आणि पुढे पाट्याच्या डोळ्याखाली येतो. टोकावर रबरी गट्टू. हाऊसिंग पिळलं की दांडा वर येतो, गट्टू डोळ्याला टेकतो, पिळणं तिथंच थांबतं.

खरी मेख या गट्टूच्या वरच्या फटीत आहे. फट जास्त ठेवली तर दांडा उशिरा टेकतो आणि दणका बसतोच. अजिबात नाही ठेवली तर पाट्याचा पुढचा भाग काम करेनासा होतो, गाडी दगडासारखी कडक चालते. आता मुलांना विचारा, फट कधी मोजायची? चासी जॅकवर उचललेली असताना हाऊसिंग लोंबतं, पाट्याची कमान वाढते, फट मोठी दिसते. माल भरला की कमान सपाट होते, डोळा खाली येतो, फट कमी होते. म्हणून चाकं जमिनीवर आणि नेहमीचा माल गाडीत, तेव्हाच मोजायची. रिकाम्या गाडीत चिकटवून बसवलेला गट्टू भरल्यावर दाबलाच जाणार.

आणि आधी यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकलचे बुश तपासायचे. तेच ढिले असतील तर बार लावून काय उपयोग? काही दिवस गाडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे.

पालकांसाठी दोन गोष्टी. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, त्यामुळे हौस म्हणून बार लावू नका. दुसरं, बाबा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली असताना पाना द्यायला मुलाला खाली बोलावू नका. घोडी लावल्याशिवाय तुम्हीही जाऊ नका. जॅक सरकायला एक क्षण लागतो.

वर्गात पुढच्या तासाला एका पट्टीऐवजी दोन, मग तीन पट्ट्या एकत्र धरून चिमटा पिळायला द्या आणि मुलांना हाताला काय जाणवलं ते वहीत लिहू द्या.