पावसाचें पाणी जातें कोठें?

मुंबईंत दादर-परळनजीक हिंदमाता येथें दर पावसाळ्यांत पाणी तुंबतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तें कां तुंबतें, याचा विचार थोडेच करितात. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. शिवाय शहरांतील जुनीं गटारें तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यापुरतींच, आणि तींही ओहोटी असेल तरच! भरतीच्या वेळीं समुद्रच त्यांचीं तोंडें अडवितो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला व शेंकडों जीव गेले.

तेव्हांपासून महानगरपालिकेनें नाले रुंद केले; २०११ सालीं हाजीअली व इर्ला येथें भरतींतही पाणी समुद्रांत लोटणारे मोठे पंप बसविले. हिंदमात्याच्या आसपास २०२१ पासून मैदानांखालीं टाक्या बांधण्यांत आल्या. पावसाचा जोर असतां पाणी तेथें सांठवावयाचें आणि भरती ओसरली म्हणजे सोडावयाचें, अशी ही योजना.

परंतु गटाराच्या जाळीवर कचरा साचला, तर पाणी पंपापर्यंत पोहोंचणारच कसें? म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस विनवितों: हातांतील कागद रस्त्यावर टाकण्यापूर्वीं, सखल भागांतील आपल्या सोबत्याच्या घराची आठवण करा.