कमावती खोली

राहत्या घराचा एक भाग दुसऱ्याला द्यायचा आणि त्या पैशांतून घराचा खर्च भागवायचा, याला अमेरिकेत अलीकडे ‘हाउस हॅकिंग’ म्हणू लागले आहेत. तिथे दोन ते चार कुटुंबांची इमारत कर्जावर घेतली जाते. एका भागात मालक राहतो. बाकीच्या भागांत तो वर्षाच्या कराराने भाडेकरू ठेवतो किंवा दोन-चार रात्रींचे पाहुणे उतरवतो, आणि हप्ता त्यातून जातो. सरकारी हमीच्या एका योजनेत तर पदरचे साडेतीन टक्के भरून अशी इमारत घेता येते; मात्र मालकाने तिथे निदान वर्षभर राहावे लागते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांना हा व्यवहार नवा नाही. फक्त इथे खोलीवर कमावणारा बहुतेक वेळा खोलीचा मालक नसे, तो स्वतःच भाडेकरू असे. खरे तर कमावत असे ती त्याची बायको.

गिरण्या वाढल्या तसा कोकणातून आणि घाटावरून माणूस मुंबईत येत गेला, पण बिऱ्हाड गावी ठेवून. १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्या अजूनही बीडीडी चाळी म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामाईक. खासगी चाळींतल्या खोल्या याहून फार मोठ्या नव्हत्या. एवढ्या जागेत नवरा-बायको आणि मुले राहत, आणि शिवाय गावचे चार-सहा गडी. त्यांच्या ट्रंका पोटमाळ्यावर, कपडे खुंटीवर, वळकट्या कोपऱ्यात. रात्रपाळीचा गडी सकाळी परतायचा तेव्हा दिवसपाळीचा भोंग्यासरशी वळकटी गुंडाळून निघालेला असायचा. दोघे वर्षानुवर्षे एकाच जागेवर झोपत, पण एकमेकांना झोपलेले क्वचितच पाहत.

या गड्यांकडून जागेचे भाडे असे वेगळे फारसे घेतले जात नसे. पैसे मोजले जात ते दोन वेळच्या जेवणाचे, म्हणूनच या धंद्याचे नाव खाणावळ. पहाटे स्टोव्ह पेटायचा, भाकऱ्या थापल्या जायच्या, डबे भरले जायचे आणि दुपारी पुन्हा तेच. धान्य वाण्याकडून उधारीवर येई आणि गिरणीचा पगार झाला की गडी हिशेब चुकता करत. गडी आजारी पडला, बेकार झाला, तरी त्याचे ताट सहसा बंद होत नसे. फुगायची ती वाण्याच्या वहीतली बाईच्या नावावरची बाकी, मग सावकाराचे व्याज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. त्यांना एकत्र करून बँकेचे कर्ज मिळवून द्यायचे, हा त्याचा पाया होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुष्कळसे गावी परतले आणि लालबाग-परळच्या असंख्य खोल्यांची ही कमाई पाहता पाहता आटली.

एकट्या गड्यांच्या राहण्याच्या याच गरजेतून निघालेली दुसरी सोय म्हणजे गावकीची खोली. एखाद्या गावाचे ग्रामस्थ मंडळ चाळीत खोली घेई आणि गावचा कोणीही माणूस महिन्याची थोडी वर्गणी भरून तिथे खुंटी आणि झोपायची जागा मिळवी. धोबीतलावच्या जेर महालात गोवेकरांचे ‘कुड’ चालत, तेही याच धर्तीचे.

अमेरिकन नमुन्याशी जास्त जुळते ते दादर. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. हिंदू कॉलनीसारख्या वसाहतींत तीन मजल्यांच्या इमारती उठल्या. त्यांत अनेक ठिकाणी एका मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड आणि बाकी मजल्यांवर भाडेकरू असत. मालक नोकरदार, वकील, डॉक्टर. म्हातारपणी भाडी पुरतील हा त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तो मोडला कायद्याने.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले. ज्या भाड्यात डागडुजीचा गवंडीही येईना, त्यात इमारत सांभाळायला कोण तयार होणार? मालकांनी हात आखडला. अखेर १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावे लागले. भाडेकरूच्या हाती मात्र सोने आले. पाच-पंचवीस रुपयांची भाडेपावती कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवली जाऊ लागली. खोली सोडताना तो नव्या भाडेकरूकडून पागडी घेई आणि पावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यात आपला वाटा मागे. हा वाटा साधारण तिसरा हिस्सा, काही ठिकाणी त्याहून जास्त. पागडी अर्थातच बेकायदा होती, आणि ती कोणापासून लपलेली नव्हती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभाही दिली.

पोटभाडोत्रीची गोष्ट वेगळी. मालकाच्या संमतीवाचून खोली किंवा तिचा भाग दुसऱ्याला दिला, तर मूळ भाडेकरूचीच जागा जाऊ शकते. कायद्याने अधूनमधून जुन्या पोटभाडोत्र्यांना सांभाळून घेतले आहे. २१ मे १९५९ पूर्वीचे बरेच पोटभाडेकरू असे संरक्षित झाले. पुढे, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहत असलेल्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. या दुसऱ्या तारखेचा धसका घरमालकांनी असा घेतला, की पुढची कित्येक वर्षे रिकामी खोली भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावणे शहाणपणाचे मानले गेले. भाडेकरूला तर कुलूपही लावता येत नाही. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे हेही जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. डोंबिवलीला फ्लॅट घेतलेला गिरगावकर आपल्या खोलीत भाच्याला शिकायला ठेवतो, त्यामागे भाच्यावरच्या मायेइतकेच हे कलमही असते.

आज घराचा भाग द्यायचा तर सरळ वाट ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची. राहणाऱ्याला फक्त वापराचा परवाना मिळतो, भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. मुदत संपूनही तो हलला नाही, तर त्याच्याकडून परवाना शुल्काच्या दुप्पट रक्कम वसूल होऊ शकते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात खोटा आहे. करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. खर्च किरकोळ असतो. महिना ४० हजार आणि दीड लाख अनामत असा वर्षाचा करार धरला, तर भाडे ४ लाख ८० हजार होते. त्यात अनामतीवरचे १० टक्के व्याज, म्हणजे १५ हजार, मिळवायचे आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक भरायचा: साधारण साडेबाराशे रुपये. नोंदणी फी हजार रुपये. शिवाय पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते. मालकाने सगळा फ्लॅट देऊन स्वतः दुसरीकडे मुक्काम हलवला, तर सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. प्राप्तिकरात घरभाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी पर्यटन खात्याची निवास-न्याहरी योजना आहे. केंद्राच्या अशाच योजनेत जास्तीत जास्त सहा खोल्या चालतात आणि घरमालकाचे कुटुंब तिथेच राहत असले पाहिजे. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. गिरगावच्या खोताच्या वाडीत, जुन्या लाकडी जिन्यांच्या आणि व्हरांड्यांच्या घरांत असे पाहुणे उतरले आहेत. पण परळ-दादरकडे थोड्या दिवसांची जागा शोधणारा माणूस पर्यटक नसतो. तो टाटा मेमोरियलला किंवा केईएमला आलेल्या रुग्णाचा भाऊ, बाप, मुलगा असतो. टाटा १९४१ पासून, केईएम १९२६ पासून. केमोच्या एका फेरीनंतर पुढच्या फेरीसाठी तीन आठवडे थांबणाऱ्याला हॉटेल परवडत नाही आणि अकरा महिन्यांचा करार उपयोगाचा नसतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांनाच आसरा देते, आणि ती कधीच पुरत नाही. उरलेले लोक आसपासच्या खोल्या दिवसावर घेतात.

शेजाऱ्यांना हे सहज पटते असे नाही. २०२१ मध्ये करी रोडला म्हाडाच्या १०० सदनिका टाटाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी द्यायचे ठरले. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, सरकारने स्थगिती दिली आणि मग बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या सदनिका दिल्या गेल्या. जिन्यात रोज नवा चेहरा दिसणे, लिफ्टपाशी सामानाचे ढीग, पाण्याचा वाढता वापर या तक्रारी सोसायटीच्या सभेत पाहुणा पर्यटक असला तरी उठतात. रात्रीच्या हिशेबाने भाडे जास्त मिळते हे खरे, पण चादरी, चाव्या, झाडलोट आणि शेजाऱ्यांची समजूत हे काम रोजचे असते. आणि लालबागमध्ये गणपतीचे दहा दिवस खोली भरलेलीच असते, फक्त त्या पाहुण्यांकडून पैसे घेता येत नाहीत.

आता खोलीचे मापच बदलत आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते. बीडीडी चाळींत १६० च्या बदल्यात ५०० चौरस फूट, आणि वरळीच्या पहिल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. पावतीवर राहिलेले कुटुंब मालक झाले की पोटभाडोत्रीचा प्रश्न मिटतो आणि स्वयंपाकघरापलीकडे दार लावता येईल अशी एखादी खोली प्रथमच हाताशी येते. त्याबरोबर टॉवरचे मेंटेनन्सचे बिलही येते, जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. नव्या घरातली दुसरी खोली कोणाला, किती दिवसांसाठी द्यायची, हा हिशेब त्या बिलापासून सुरू होतो.