गुरांस वळविणारें चाटण

ज्यानें गुरें राखिलीं आहेत त्यास ठाऊक असतें कीं, पाणी व सपाट जमीन सोडून चढण चढावयास गुरें राजी नसतात. आपल्याकडे गुराखी काठी घेऊन बरोबर असतो. परंतु अमेरिकेच्या मोंटाना संस्थानांतील विस्तीर्ण कुरणांत गाई बहुधा मोकळ्याच फिरतात. त्यामुळें ओढ्याकांठचें गवत मुळापर्यंत खाल्लें जातें, कांठ तुडवून ढांसळतात, आणि वरच्या उतारावरील गवत उभेंच वाळून जातें. एकाच कुरणांत टंचाई व नासाडी शेजारीं नांदतात.

यावर तेथें योजिलेली एक युक्ति आम्ही वाचकांस सांगूं इच्छितों. डेरेक बेली प्रभृति संशोधकांनीं मळी आटवून व तींत प्रथिनें मिसळून केलेलें कठीण चाटण दूरच्या उतारांवर ठेविलें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत असें दिसून आलें कीं, चाटणापासून सुमारें ६०० मीटरपर्यंतच्या टापूंत गाई अधिक वावरल्या व तेथील गवत अधिक चरलें गेलें.

याचें कारण सोपें आहे. कठीण चाटण जिभेनें थोडें थोडेंच सुटतें. म्हणून तें पुष्कळ दिवस पुरतें व गाय पुनःपुन्हां तेथें येते. पेंड टाकिली तर ती घटकेंत संपते. शिवाय वाळल्या गवतांत प्रथिनें थोडीं असतात. चाटणांतून तीं मिळालीं म्हणजे गाईच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंस बळ येतें, व रुक्ष गवतही तिला पचूं लागतें.

मात्र कांहीं नियम पाळले पाहिजेत. चाटण पाण्यापासून दूर, परंतु गाईस चढवेल अशाच उतारावर ठेवावें. आरंभीं गुरें तेथें हांकून नेऊन जागा दाखवावी. भोंवतालचें गवत पुरेसें चरलें गेलें कीं चाटण पुढें हलवावें. नाहीं तर ओढ्याची दुर्दशा टेकडीवर यावयाची. जेथें गवतच नाहीं तेथें चाटण व्यर्थ होय, कारण तें चाऱ्याची जागा घेत नाहीं.

आपल्या गांवच्या गायरानांत सर्वांचीं गुरें एकत्र चरतात व गवतही बहुधा अपुरेंच असतें. त्यामुळें ही युक्ति जशीच्या तशी येथें चालणार नाहीं. परंतु तिच्यांतील बोध आपणांसही उपयोगी आहे. ओढ्याकांठ उजाड दिसला म्हणजे मुक्या जनावरांस दोष देण्यापूर्वीं, त्यांस अन्यत्र जावेंसें वाटेल असें कांहीं आपण तेथें ठेविलें आहे काय, हें आधीं पाहावें.